आई बार तपासायला निघते

"ग्लास उलटा करून बघ," आई म्हणाली.

"आई, त्यात जिन आहे."

"मग पिऊन टाक आणि उलटा कर. बुडाला साबण राहिलाय का ते बघायचंय मला."

हे असं चाललंय आमचं. बुधवारची संध्याकाळ, नुकतेच सहा वाजलेले, आणि अख्ख्या बारमध्ये आम्ही दोघी आणि टेबलांवरच्या खुर्च्या खाली उतरवणारा एक वेटर. मी दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांच्या दाढा उपटून मनगटं दुखत होती, घरी नवरा आणि मुलगी जेवायची थांबली होती, आणि मी रिकाम्या पोटी जिन ढोसत होते. का? तर माझी आई पीत नाही म्हणून.

ती पीत नाही, पण बार तपासते. आता बोला!

आमच्या शहरातल्या बारची आणि नाइटक्लबांची एक गाइड दर वर्षी निघते. कुठे जावं, कुठे जाऊ नये, एकटी बाई कुठे निवांत बसू शकते, कुठल्या गच्चीवरून नदी दिसते आणि कुठल्या गच्चीवरून नुसत्या पाण्याच्या टाक्या, असं सगळं त्यात असतं. मागच्या वर्षी माझ्या वाढदिवसाला नवऱ्यानं त्या गाइडमध्ये बघून आम्हाला एका बारमध्ये नेलं. घरी आल्यावर आईनं गाइडच्या संपादकबाईंना आठ पानी पत्र लिहिलं. त्यांनी छापलेल्या प्रत्येक वाक्यातली चूक काढली होती तिनं. दुसरी एखादी बाई ते पत्र कचऱ्यात टाकून मोकळी झाली असती. या बाईंनी आईला चहाला बोलावलं आणि कामावरच ठेवून घेतलं. एकाहत्तराव्या वर्षी!

त्यांना काय माहीत, कुठलं भूत झाडावरून उतरवून ठेवलंय ते. आई आयुष्यभर लायसन्सच्या ऑफिसात होती, गाडी चालवायची परीक्षा घ्यायला. अर्धं शहर तिनं नापास केलंय. बाबांना दोनदा केलं. मला एकदा केलं, आणि त्या दिवशी मी रडत घरी आले तर म्हणते, "आरशात बघितलं नाहीस, त्याला मी काय करू? जेवायला चल." बाबा म्हणायचे, तुझी आई यमाचंसुद्धा लायसन्स तपासून मग त्याच्या रेड्यावर बसेल.

तिची तपासायची पद्धत ठरलेली. आधी दारावरचा माणूस कसा बोलतो ते बघायचं. मग बसायचं आणि कोमट पाणी मागायचं. "खिसा भरलेल्याशी कुणीही गोड बोलतं," ती म्हणते, "कोमट पाणी मागणाऱ्या म्हातारीकडे बघून कोण तोंड वाकडं करतं ते बघ." त्यानंतर माझी पाळी. मी प्यायचं आणि चव सांगायची. नुसतं 'आंबट आहे' म्हणून सुटका नाही. कसलं आंबट, किती आंबट, जिभेच्या टोकाला की घशात? नाइटक्लब असेल तर ती थेट नाचायच्या जागेच्या मधोमध जाते आणि जमीन घसरते का बघायला दोनदा टाच आपटते. एका जुन्या गोदामातल्या क्लबात लोकांना वाटलं आजी नाचायला आल्यात. टाळ्या काय, शिट्ट्या काय! मी खांबाआड तोंड लपवून उभी होते.

आणि गाइडचा नियम असा, की आपण कोण ते सांगायचं नाही, जे अनुभवाला आलं तेवढंच लिहायचं. एखाद्या ठिकाणी आतच घेतलं नाही, तर 'आत घेतलं नाही' एवढंच कळवायचं. त्या जागेचं नाव मग वर्षभर गाइडमध्ये येत नाही. आईला हा नियम फार आवडतो. स्वतःच केल्यासारखी मिरवते.

इथपर्यंत मी सगळं सोसलं. आई म्हातारी आहे, बाबा गेल्यापासून घरात एकटी बसून भिंतींशी बोलायची, त्यापेक्षा हे बरं, असं मनाला समजावलं. पण त्या बुधवारी ग्लास उलटा करून झाल्यावर ती सहज म्हणाली, "शनिवारी आपल्या राजाकडे जायचंय."

राजा म्हणजे माझा धाकटा भाऊ. त्यानं चार महिन्यांपूर्वी बार काढलाय. स्वतःचं होतं नव्हतं ते त्यात घातलं, वर एक भागीदार घेतला. हा भागीदार दर आठवड्याला त्याला ऐकवतो की या वर्षीच्या गाइडमध्ये नाव आलं तर ठीक, नाहीतर मी माझं अंग काढून घेतो. भागीदार गेला की बार गेला. हे आईलाही माहीत, मलाही माहीत. धाकट्याला एकच गोष्ट माहीत नव्हती: गाइडची परीक्षक कोण. आई संध्याकाळची वाचनालयात जाते अशी त्याची समजूत होती.

"राजाकडे? आई म्हणून ना?" मी विचारलं.

"कामासाठी."

"अगं, तुला वेड लागलंय का? संपादकबाईंना सांग की, मुलाचा बार आहे म्हणून!"

"सांगितलं. त्या म्हणाल्या, ज्या बाईनं नवऱ्याला दोनदा नापास केलं तिची मला काळजी नाही."

"मग तू नाही म्हण. दुसऱ्या कुणाला तरी जाऊ दे."

"दुसरा म्हणजे कोण? गाइडचा तो दुसरा, लठ्ठ परीक्षक? तो एका जागी बसून पितो आणि घरी जाऊन पाच ठिकाणांबद्दल लिहितो." आईचा आवाज चढला. "माझ्या मुलानं कष्टानं काढलेली जागा आहे. ती नीट बघितली गेली पाहिजे. कोपरान् कोपरा."

मी कपाळावर हात मारून घेतला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! हिनं गुण कापले तर भाऊ बुडणार, आणि ही गुण फुकट देणार नाही ही तर काळ्या दगडावरची रेघ. मी तिला विनवण्या केल्या. चार शब्द बरे लिही म्हटलं, कोण बघायला येतंय म्हटलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी लाल दिव्यातून गाडी नेली असावी.

पण खरं सांगू का, तिला तिथे जायचंच होतं. चार महिने झाले, तिनं त्या बारचा उंबरठा पाहिलेला नव्हता. दर रविवारी फोनवर धाकटा म्हणायचा, "आई, अजून रंग ओला आहे," "आई, तुला तो आवाज सोसायचा नाही," "सगळं मार्गी लागलं की बोलावतोच तुला." आणि ही म्हणायची, "हो रे राजा, सावकाश." शनिवारी मी तिला घ्यायला गेले तर तिच्या पायात नवे कोरे बूट. स्वेटरला इस्त्री केलेली. स्वेटरला कोण इस्त्री करतं?

"चावतात का बूट?" मी विचारलं.

"नाही," ती लंगडत म्हणाली.

धाकटा शनिवारी साडेआठशिवाय येत नाही, तोवर सगळं भागीदाराच्या माणसांवर असतं, हे आईनं गोड बोलून त्याच्याकडूनच काढून घेतलं होतं. नोकर तिला ओळखत नव्हते. म्हणून आम्ही सातलाच पोचलो. दारावर रांग होती. दार सांभाळायला एक पहिलवान, मान कुठे संपते आणि खांदे कुठे सुरू होतात ते कळू नये असा. आमच्या पुढच्या दोन चमचमत्या पोरी हसत आत गेल्या. मग आमची पाळी आली आणि पहिलवानानं हात आडवा केला.

"आजी, आज नाही जमणार."

"का हो?" आईनं विचारलं.

"आत गर्दी आहे."

"त्या दोघी आत्ताच गेल्या की."

पहिलवान बिचारा कानापर्यंत लाल झाला. "आजी, मला कशाला बोलायला लावता? मालकांनी सांगितलंय. आज फक्त तरुण लोक, चांगले कपडे केलेले. तुम्ही परत कधीतरी या, मी स्वतः आत नेऊन बसवीन."

"अरे, तुला माहीत आहे का ही कोण आहे?" माझा आवाज चढला, आणि पुढचा शब्द निघायच्या आत आईनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांसमोर काजवे चमकले.

"ओळख सांगून आत जायचं असतं तर घरूनच फोन नसता का केला?" ती दातओठ खात कुजबुजली. मग पहिलवानाकडे वळून म्हणाली, "हिला चालेल का?"

त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मॅडम... चालतील."

चालतील! दोन डिग्र्या आहेत माझ्याकडे, स्वतःचा दवाखाना आहे, आणि मी 'चालतील'! आई रस्ता ओलांडून समोरच्या फुलांच्या दुकानाच्या कठड्यावर जाऊन बसली आणि मला हातानं 'जा जा' करायला लागली. मी रागानं आत गेले. कुणाचं तरी डोकं फोडल्याशिवाय बाहेर यायचं नाही असं ठरवूनच गेले.

आणि समोर दस्तुरखुद्द धाकटा! नवा शर्ट, केसांना इतकं तेलपाणी की त्यात दिवे चमकत होते.

"ताई! बरं झालं आलीस! अशी इथे काउंटरपाशी उभी राहा. हातात काहीतरी धर. आणि हसत राहा, दात दाखव, तुझे चांगले आहेत."

"तू इतक्या लवकर इथे कसा?"

त्यानं माझ्या कानाशी तोंड आणलं. "गाइडचा परीक्षक येतोय आज. बिअर पोचवणाऱ्यानं भागीदाराला आतली खबर दिली. म्हणून दारावर सांगून ठेवलंय, म्हातारेकोतारे, ढगळ कपड्यांतले, पिशव्या घेतलेले, कुणी म्हणजे कुणी आत नको. परीक्षकाला कशी एकदम झकास गर्दी दिसली पाहिजे!"

मी त्याच्याकडे बघतच राहिले. लहानपणी याला मी कडेवर घेऊन फिरवलाय. तेव्हाच कुठे डोक्यावर पडला होता का, ते आठवायचा प्रयत्न केला.

"आणि आई आली असती तर?"

"आई?" तो हसला. "आई कशाला येतेय इथे? बोलावणार आहे गं तिला. एकदा गाइडमध्ये नाव येऊ दे, मग बघ, गाडी पाठवून बोलावतो. आत्ता ती आली असती तर म्हणाली असती, फडकं दाखव."

"ऐक," मी म्हटलं. "तुझ्या परीक्षकाला तुझ्या पहिलवानानं आत्ता, पाच मिनिटांपूर्वी, दारातून परत पाठवलंय. मी डोळ्यांनी पाहिलं."

त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला. हातातलं फडकं तिथेच टाकून तो धावत सुटला, आणि त्याच्यामागे मी.

रस्त्यावर येऊन तो वेड्यासारखा डावीकडे बघतोय, उजवीकडे बघतोय. कठड्यावरून आई उठली आणि लंगडत त्याच्यासमोर आली.

"राजा," ती म्हणाली.

"आई? तू इथे काय करतेस? थांब जरा, बाजूला हो, मी एका माणसाला शोधतोय."

आणि ती बाजूला झाली! खरंच दोन पावलं सरकली, त्याला नीट दिसावं म्हणून. याला म्हणतात काखेत कळसा आणि गावाला वळसा. धाकट्यानं एका कोटवाल्या गृहस्थाची बाही धरली आणि विचारलं, "साहेब, आपण गाइडचे का?" तो गृहस्थ बाही सोडवून जवळजवळ पळालाच.

"कसे आहेत दिसायला?" आईनं विचारलं.

"मला काय माहीत! असणार कुणीतरी मोठं माणूस."

"हो का," आई म्हणाली.

मग मात्र माझं डोकं फिरलं. नियम गेला खड्ड्यात, गाइड गेली आणि संपादकबाईही गेल्या. "अरे गाढवा!" मी भर रस्त्यात किंचाळले, इतकी की रांगेतल्या सगळ्यांनी माना वळवल्या. "हीच आहे ती! वर्षभर हीच बार तपासत फिरतेय, आणि तुझ्या माणसानं हिला दारातून हाकललंय! तुझ्या हुकमावरून!"

धाकटा वळला. त्यानं आईकडे पाहिलं. इस्त्रीचा स्वेटर, नवे बूट, खांद्याला पिशवी. त्याच्या डोक्यात ते शिरायला वेळ लागला. आणि शिरल्यावर आमचे हे दिवटे चिरंजीव काय म्हणाले असतील? 'आई, चुकलो' म्हणाले? 'केव्हाची बसली आहेस' म्हणाले?

"मग... किती स्टार देणार?" तो म्हणाला.

मी दवाखान्यात असते तर त्याची एक दाढ भूल न देता काढली असती. आई चिडली नाही. लायसन्सच्या ऑफिसात नापास झालेल्या पोरांशी बोलायची त्याच आवाजात ती म्हणाली, "दारापर्यंतचं कळवीन. पुढचं मला दिसलं नाही."

तेव्हा कुठे त्याला कळलं. त्याचा चेहरा एकदम लहान मुलाचा झाला. "आई, चल ना आत. आत्ता चल. मी तुला मधलं टेबल देतो, सगळं दाखवतो, चल." त्यानं तिचा हात धरून ओढला. पलीकडे पहिलवानानंही दार सताड उघडून धरलं. आतला उजेड फूटपाथवर आला. आई त्या दाराकडे पाहत उभी राहिली. तिला आत जायचं होतं हो. चार महिने जायचं होतं.

"आज नको," ती म्हणाली. "आज मी कामावर आहे."

"आई, भागीदार जाईल. बार जाईल माझा!"

"माहीत आहे मला."

"मी तुझा मुलगा आहे गं!"

"म्हणून तर दुसऱ्या कुणाला येऊ दिलं नाही मी," आई म्हणाली. तिनं त्याची कॉलर सरळ केली, आणि समोरून येणाऱ्या टॅक्सीला हात केला.

टॅक्सीत बसल्याबरोबर मी सुरू झाले. म्हटलं, जगातला सगळा खरेपणा काय तुझ्याच डोक्यावर आलाय? म्हटलं, आपलेच दात, आपलेच ओठ, तरी चावायचं ते चावायचंच? म्हटलं, तो मूर्ख आहे, मान्य, शंभरदा मान्य, पण मूर्खपणाला एवढी शिक्षा? आणि तू, तू तर त्याच्याहून हट्टी! बोलता बोलता मला रडू यायला लागलं, त्याचाही राग आला. आई खिडकीतून बाहेर बघत होती. बूट काढून तिनं पाय मोकळे केले होते.

"आतून कसं आहे गं?" तिनं मध्येच विचारलं.

"काय?"

"बार. तू पाहिलास ना? सांग की."

मी डोळे पुसले. "लांबलचक लाकडी काउंटर आहे."

"पुसलेला?"

"लखलखीत. तो स्वतःच पुसत असावा, फडकं हातात होतं."

"पांढरं की रंगीत?"

"पांढरं. स्वच्छ होतं, आई."

"खुर्च्यांना पाठी आहेत का? टेकायला?"

"आहेत. गाद्याही आहेत, निळ्या. दिवे खाली सोडलेत टेबलांवर, त्यामुळे माणसांचे चेहरे नीट दिसतात. आणि मागच्या भिंतीला मोठी खिडकी आहे, तिच्यात झाडं ठेवलीत."

"त्याला झाडं जगवता येतात?" आई आश्चर्यानं म्हणाली. थोडा वेळ तिनं ती झाडं मनात बघितली असावीत. "छान केलंय म्हणजे."

"छान केलंय."

"तू किती दिले असतेस? पाचपैकी?"

मी विचार केला. वर्षभर हिच्याबरोबर हिंडून मलाही सवय लागली होती. "चार."

"चारच?" आई गर्रकन माझ्याकडे वळली. "का?"

"गाणी फार मोठ्यानं लावली होती."

"शनिवार आहे! शनिवारी लावणारच मोठ्यानं! गच्चीवरच्या त्या बारला तू पाच दिलेस, आणि तिथे तर माशा होत्या!"

"आई, तिथे हवा होती."

"आणि याच्याकडे झाडं आहेत ना? काउंटर स्वतः पुसतो मालक! किती ठिकाणी पाहिलंस तू मालकाला काउंटर पुसताना? सांग ना! चार म्हणे!"

घर येईपर्यंत ती त्या एका स्टारसाठी माझ्याशी भांडत राहिली. टॅक्सीवाला आरशातून आमच्याकडे बघत होता. शेवटी मी हात टेकले. "बरं बाई, पाच. पाच दिले. झालं समाधान?"

"पाच ना?" आई म्हणाली. "मग तसं म्हण."

मग तिनं चष्मा लावला, पिशवीतून फोन काढला, एकेक अक्षर बोटानं शोधत संपादकबाईंना 'आत घेतलं नाही' एवढंच पाठवलं, आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली.